पक्षी विकत घेण्यापूर्वी : एक वस्तुपाठ

परिसर अभ्यासाच्या तासाला पाळीव प्राण्यांचा विषय निघाला की पिंजऱ्यातील पोपटाची गोष्ट हमखास निघते. ‘गुरुजी, शाळेत एक पोपट घेऊ या’ अशी मागणीही होते. या मागणीस लगेच होकार वा नकार न देता शिक्षकाने तीमधूनच पाठ घडवावा. फळ्यावर पुढील तीन प्रश्न लिहावेत व उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावीत.

१. पक्षी कोठला? लाल चोचीचा हिरवा पोपट हा आपल्याच शिवारातला पक्षी होय. नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी असते. हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या झाडांच्या ढोलींत त्याची वीण होते आणि चोरून विकली जाणारी पिल्ले बहुधा तेथूनच काढलेली असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये पोपट, मैना, मुनिया हे पक्षी पकडणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या सुधारणेनंतरही हे संरक्षण कायम आहे. घरी पोपट असलेल्या मुलास वर्गात लज्जित करू नये. पालकांना भेटून समजावून सांगावे. असा पोपट एकाएकी सोडून देणे हेही हितकर नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास अन्न शोधण्याची व शत्रू ओळखण्याची सवय नसते. त्यास वनविभागाच्या स्वाधीन करावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

२. त्याच्या गरजा कोणत्या? बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा लहान पक्षी बहुधा बजरीगर असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील असून पिंजऱ्यातच पैदास झालेला असतो. तो पाळण्यास मनाई नाही. तो थव्याने राहणारा आहे, म्हणून एकटा ठेवू नये. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक असावा, कारण पक्षी आडवा उडतो. राळा, बाजरी, हिरवा पाला व रोज ताजे पाणी द्यावे. चुलीचा धूर, दुपारचे ऊन व मांजर यांपासून पिंजरा दूर असावा. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेल्यास माणसासही आजार होऊ शकतो. म्हणून साफसफाई मोठ्यांनी करावी व नंतर हात साबणाने धुवावेत.

३. सुटीत कोण सांभाळील? बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो. म्हणजे पहिलीतील मूल शाळा सोडून गेले तरी पक्षी तेथेच असण्याचा संभव आहे. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीतील व्यवस्था आधीच ठरली पाहिजे.

उपयोजन : खरेदीपूर्वी वर्गाने महिनाभर शाळेच्या आवारात सावलीत मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे. ते रोज घासण्याच्या पाळ्या लावाव्यात व येणाऱ्या पक्ष्यांची नोंद वहीत करावी. महिन्याअखेरीस वही उघडून एवढेच विचारावे : रविवारी पाणी कोणी भरले? एकही रविवार कोरडा गेला असेल, तर पक्षी घ्यावा की नाही याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

जायकवाडीचा नाथसागर जलाशय अंशतः याच जिल्ह्यात असून १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. शेवगाव व नेवासे तालुक्यांतील शाळांनी हिवाळ्यात तेथे सहल न्यावी. मोकळा पक्षी पाहिलेल्या मुलास पिंजऱ्याविषयीचा प्रश्न अधिक नीट विचारता येतो.