साडेचारशे कोटी की सहा हजार?

सेकंड इयर सिव्हिलला इंजिनिअरिंग जिऑलॉजी हा विषय असतो. पोरं त्याला 'दगडांचा पेपर' म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. मीही तसाच वाचला होता. पण याच विषयातल्या एका मार्काच्या प्रश्नाने आमच्या रूममध्ये आठवडाभर जे वातावरण तयार झालं, त्यामुळे मला पुन्हा लायब्ररीत जाऊन बसावं लागलं. हा लेख त्यातूनच निघाला.

प्रश्न साधा होता. पृथ्वीचे वय किती? उत्तर : सुमारे ४५४ कोटी वर्षे. क्लास टेस्टमध्ये माझ्या रूम पार्टनरने बाकी सगळा पेपर सोडवला आणि ही एकच जागा कोरी ठेवली. तो नवापूरकडचा, ख्रिश्चन घरातला. वडील गावच्या मंडळीचे पाळक. अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढे. पेपर मिळाल्यावर कुणीतरी ते पाहिलं आणि मग मेसमध्ये सुरू झालं, "काय भो, पृथ्वीचा जन्मदाखला हरवला का?" त्याला 'आदमचा पणतू' असं नाव पडलं. खरं सांगायचं तर ते नाव मीच ठेवलं होतं.

तीन-चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. एका रात्री लाईट गेली म्हणून आम्ही गच्चीवर जाऊन झोपलो. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ दिसत होती. तेव्हा तो म्हणाला, "४५४ कोटी लिहिलं तर वाटतं, मी बाबांना खोटं पाडतोय. सहा हजार लिहिलं तर तुम्ही हसणार. म्हणून कोरं सोडलं. तू फक्त एवढं सांग, ख्रिश्चन माणसाला या दोनपैकी एकच धरावं लागतं का?"

मला उत्तर येत नव्हतं. हसायला मात्र आलं होतं!

आधी सहा हजारांचा आकडा पाहू. पवित्र शास्त्रात जगाचं वय असं कुठेही आकड्यात लिहिलेलं नाही. तो आकडा हिशोबातून आला आहे. 'उत्पत्ती'च्या पाचव्या अध्यायात आदमपासून नोहापर्यंत वंशावळ आहे आणि प्रत्येकाला मुलगा झाला तेव्हा त्याचं वय किती होतं ते दिलं आहे. बेरीज केली की जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं होतात. पुढे राजांच्या कारकिर्दी जोडत यायचं. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली छापलेल्या ग्रंथात अशी बेरीज करून जगाचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४, ऑक्टोबर महिन्यात, असा काढला. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात अशा तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि वाचणाऱ्यांना त्या मूळ ग्रंथातल्याच वाटू लागल्या. आपल्यालाही गाईडमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं उत्तर कधीकधी छापील वाटतंच की.

गंमत अशी की जुन्या ग्रीक भाषांतरात याच वंशावळीतले आकडे मोठे आहेत. त्यामुळे पूर्वेकडच्या बायझंटाईन ख्रिश्चनांच्या पंचांगात जगाचा आरंभ इ. स. पूर्व ५५०९ मध्ये धरलेला होता. म्हणजे एकाच धर्माच्या दोन हिशोबांत दीड हजार वर्षांचा फरक! आणि त्याआधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीन यांनी वेगळीच शंका काढली होती : सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन 'दिवस' कसले? त्यांच्या मते ते आपले चोवीस तासांचे दिवस नव्हेत. देवाने सगळं एकदमच निर्माण केलं. अर्थात जगाला काही हजारच वर्षं झाली असं तेही मानत होते, हे लपवायला नको. पण अक्षरशः वाचायचं की नाही हा प्रश्न विज्ञानाने चर्चवर लादला, असं जे आपण समजतो ते बरोबर नाही.

(इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आहे, म्हणजे आपल्याला आधीच माहीत होतं. मीही हे मेसमध्ये ऐटीत म्हटलं होतं. पण तो आकडाही कुणी दगड मोजून काढलेला नाही. युगांचा गुणाकार करून काढलेला आहे.)

आता आपल्या विषयाकडे. पहिल्याच लेक्चरला सर जो नियम सांगतात, की खालचा थर जुना आणि वरचा नवा, तो १६६९ मध्ये निकोलस स्टेनो यांनी मांडला. हे स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाले. त्यांना स्वतःला सहा हजार वर्षं पुरेशी वाटत होती. पण नियम एकदा हातात आला की तो मांडणाऱ्याचंही ऐकत नाही.

चोपड्यात बोअर मारताना पाहिलं असेल, तर शेकडो फूट खाली गेलं तरी गाळ, वाळू, गोटे हेच निघतं. तापीच्या खोऱ्यातली ही भर आहे. आपल्या भागातली केळी तिच्यावरच उभी आहे. माझा पार्टनर म्हणायचा, हा जलप्रलयाचा गाळ कशावरून नसेल? त्याच्या या शंकेला मी हसलो होतो. पण इंग्लंडमध्ये अशाच गाळाबद्दल नेमकं हेच मत मोठमोठ्या भूवैज्ञानिकांचं होतं. विल्यम बकलंड हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक आणि पाद्री. त्यांनी १८२३ मध्ये नोहाच्या पुराचा पुरावा म्हणून या गाळावर पुस्तकच लिहिलं. केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक, तेही पाद्री, त्याच मताचे. मग ठिकठिकाणचे गाळ तपासल्यावर ते एकाच पुराने आणलेले नाहीत हे दिसून आलं. सेजविक यांनी १८३१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून आपलं जुनं मत जाहीरपणे मागे घेतलं. बकलंड यांनी १८३६ मध्ये घेतलं. दोघेही शेवटपर्यंत पाद्रीच राहिले. भर सभेत 'माझं चुकलं' म्हणायचं, हे आपल्याला सबमिशनच्या वेळीही जमत नाही.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती आपल्याच काळ्या दगडावरची, म्हणजे डेक्कन ट्रॅपवरची गोष्ट. त्यासाठी नागपूरला जायला हवं. तिथलं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ते ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप (१८१७ ते १८६३) फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ च्या सुमारास ते नागपूरला आले, शाळा काढली, आणि फावल्या वेळात हातोडी घेऊन टेकड्या फिरू लागले. सोबत दुसरे मिशनरी, रॉबर्ट हंटर. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी इथे त्यांना ट्रॅपच्या दोन थरांच्या मध्ये एक पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया, किड्यांचे पंखसुद्धा, सगळं दगड झालेलं.

याचा अर्थ नीट पाहा. खाली लाव्हा. तो थंड झाला. त्यावर पाणी साचून तळं झालं. तळ्यात गोगलगायी आल्या, काठावर झाडं वाढली, त्यांना फळं लागली, ती गळून चिखलात रुतली. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून टाकलं. हे एकदाच नाही, ट्रॅपमध्ये असे मधले थर बऱ्याच ठिकाणी आहेत. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, तोही असाच : लाव्हाचा वरचा भाग झिजून माती व्हायला मिळालेला मधला वेळ.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा लेख १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. मांगली गावातून मिळालेली, बेडकाच्या दूरच्या नातलगासारख्या प्राण्याची कवटी त्यांनी पाठवली, तिचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं आणि ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परत येताना रात्री पुराच्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. सकाळी शाळेत पवित्र शास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी थरांचा क्रम लावायचा, हे या माणसाने अठरा वर्षं केलं.

त्यांना हे जमलं यात त्यांच्या चर्चच्या वातावरणाचाही वाटा असावा. फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स यांनी १८१४ मध्येच लिहिलं होतं की 'उत्पत्ती'च्या पहिल्या वचनानंतर कितीही मोठा काळ गेलेला असू शकतो, सहा दिवस त्याच्यानंतरचे. त्याच चर्चचे ह्यू मिलर, मूळचे पाथरवट, पुढे संपादक. ते म्हणत की एकेक 'दिवस' म्हणजे एकेक युग. मला स्वतःला हे दोन्ही मार्ग थोडे ओढूनताणून वाटतात. थरांतल्या जीवांचा क्रम आणि दिवसांचा क्रम काही तंतोतंत जुळत नाही. पण पार्टनरच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. श्रद्धा ठेवणाऱ्या लोकांनी दोनच नाही, चार-पाच मार्ग धरलेले आहेत, आणि तेही डार्विनचं पुस्तक येण्याच्या आधी.

त्याच रविवारी आम्ही दोघं अडावदजवळच्या उनपदेवला गेलो. गरम पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी गरम का, तर खोल गेलं की तापमान वाढतं. लॉर्ड केल्विन (आपल्या थर्मोवाले!) यांनी १८६२ मध्ये नेमकी हीच वाढ घेऊन गणित केलं : वितळलेली पृथ्वी इतकी थंड व्हायला किती वर्षं लागतील? उत्तर आलं २ ते ४० कोटी. केल्विन स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन, पण सहा हजार वर्षांचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही. त्यांचा आकडाही चुकला. १८९५ मध्ये त्यांचाच एकेकाळचा सहायक, इंजिनिअर जॉन पेरी, याने दाखवलं की आतलं द्रव्य हळूहळू वाहत असेल तर उष्णता आतून वर येत राहते आणि वय कितीतरी पट वाढतं. पुढे किरणोत्सर्गाचं घड्याळ सापडलं. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशाच्या मोजणीवरून ४५५ कोटी हा आकडा दिला. आपला ट्रॅप त्या मानाने अगदी नवा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं वय लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या झिरकॉनच्या बारीक कणांवरून काढलं, आणि त्या गटात अमरावती विद्यापीठाचे संशोधकही होते.

मग आज जी पुस्तिका पार्टनरच्या बॅगेत होती, ती कुठून आली? तिचं मूळ शोधता शोधता मी १९६१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'द जेनेसिस फ्लड' या पुस्तकापर्यंत पोचलो. दोन लेखकांपैकी एक धर्मशास्त्राचे अभ्यासक, दुसरे हेन्री मॉरिस. आणि हे मॉरिस कोण? हायड्रॉलिक्सचे डॉक्टरेट, व्हर्जिनियाच्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत सिव्हिलचे एचओडी! म्हणजे आपल्याच ब्रँचचे. सगळे थर एका जलप्रलयात साचले, असं त्यांचं म्हणणं. माणूस अडाणी नव्हता, पाण्याचं गणित त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त येत होतं. पण टाकळीच्या गोगलगायींपुढे ते गणित चालत नाही. तीस मीटर जाडीचा एक लाव्हाप्रवाह आतपर्यंत घट्ट व्हायलाच काही वर्षं लागतात. सह्याद्रीत असे थर एकावर एक दोन किलोमीटरच्या आसपास आहेत. वर्षभराच्या पुरात ते थंडही व्हायचे, त्यांची मातीही व्हायची, तळ्यात शंख वाढायचे आणि पुन्हा लाव्हा यायचा, हे कुठल्याच हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात बसणार नाही.

हे सगळं मी त्याला उनपदेवला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हिस्लॉपचं परत सांग." त्याने वहीच काढली.

दिवाळीत तो घरी गेला. नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात काळ्या दगडाच्या सरळ भिंती शेतांतून मैलोगणती गेलेल्या दिसतात. त्या डाइक, म्हणजे लाव्हा जिथून भेगेतून वर चढला ती जागा. तशीच एक त्याच्या शेतामागे आहे. भिंत आडव्या थरांना कापून वर आली, म्हणजे ती थरांच्या नंतरची, हे त्याने वडिलांना तिथे उभं करून दाखवलं. वडिलांनी ते मान्य केलं. दिवस मात्र दिवसच, यावर ते ठाम आहेत. "भांडण झालं का?" मी विचारलं. "नाही," तो म्हणाला, "बाबांनी हिस्लॉप कसे वारले ते विचारलं. मग प्रार्थना केली आणि जेवलो."

व्हायवाला एक्सटर्नलनी त्याला थरांमधल्या तांबड्या पट्ट्याबद्दल विचारलं. तो दहा मिनिटं बोलला. शेवटी पृथ्वीचं वयही विचारलं. त्याने ४५४ कोटी सांगितलं, आणि ते कशावरून मोजतात तेही सांगितलं. बाहेर आल्यावर मी त्याला त्या नावाबद्दल सॉरी म्हटलं. मेसमध्ये काही पोरं त्याला अजून त्याच नावाने हाक मारतात. नोहाच्या पुरावरून आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो पूर आला होता, पण एका प्रदेशापुरता. त्यासाठी तो आता मेसोपोटेमियाबद्दल वाचतोय, आणि लायब्ररीचं कार्ड माझं वापरतोय.