पाठीच्या कण्याचा क्षय

मनुष्याच्या पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची एकावर एक रचलेली माळच होय. तिच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो व मेंदूची आज्ञा पायांपर्यंत पोहोचवितो. क्षयाचे जंतू बहुधा प्रथम फुप्फुसात शिरतात आणि कधीकधी रक्तावाटे मणक्यांत ठाण मांडतात. मणका पोखरला गेला की पाठीस कुबड येते; मज्जारज्जूवर दाब पडल्यास पाय लुळे पडतात.

इंग्रज शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतू शोधला. तरीही औषध नव्हते. रोग्यास महिनोन् महिने निजवून ठेवीत. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि आशा पालवली. पुढे काशीचे डॉ. तुली यांनी 'मध्यम मार्ग' दाखविला: आधी औषधे, शस्त्रक्रिया गरजेपुरतीच. त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सावनेरच्या बागांत संत्र्यांची ओझी वाहणाऱ्यास पाठदुखी नवी नाही. परंतु ती आठवडेच्या आठवडे हटेना, सोबत बारीक ताप येई, वजन घटे, तर केवळ तेल चोळीत बसू नये. तपासणीस नागपूर जवळच आहे आणि सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. ती बहुधा वर्षभर घ्यावी लागतात. जरा बरे वाटताच औषध सोडणारा मात्र जंतूंनाच बळ देतो.

या रोगात लाजण्यासारखे काही नाही. लपविण्यात मात्र मोठा धोका आहे.