विमान मागे ढकलताना

विमान म्हटले की आपली नजर सहज आकाशाकडे वळते. दाबोळीहून किंवा जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुल्या झालेल्या मोपाच्या विमानतळावरून उडालेले विमान ढगांत दिसेनासे होईपर्यंत आपण त्याच्याकडे पाहत राहतो. परंतु इमारतीला तोंड लावून उभ्या असलेल्या विमानाला उडण्यापूर्वी आधी मागे यावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ह्या मागे येण्यास ‘पुशबॅक’ म्हणतात. ते कसे घडते व त्यात माणसाच्या जिवाला कोणता धोका असतो, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

मोटारीप्रमाणे विमानाची चाके इंजिनाने फिरत नाहीत. इंजिन हवेचा झोत मागे फेकते व त्या जोराने विमान पुढे जाते. जमिनीवर उतरल्यावर वेग आवरण्यासाठी हा झोत पुढे वळविता येतो. परंतु इमारतीजवळ तसे केल्यास खडे व धूळ उडून माणसांना आणि यंत्रांना इजा होईल. शिवाय वैमानिकास आपल्या पाठीमागचे काहीच दिसत नाही. म्हणून एक बुटका पण वजनदार ट्रॅक्टर विमानाच्या पुढच्या चाकाला लोखंडी दांडा जोडून ते मागे ढकलतो. काही ट्रॅक्टर दांड्याशिवाय पुढचे चाकच उचलून धरतात.

ह्या दांड्यात एक खिळा मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. फाजील ताण आला की प्रथम तोच तुटावा व विमानाच्या चाकाला अपाय होऊ नये, हा त्यामागील हेतू. दुसरी एक खीळ चाकाजवळ बसविली जाते. तिच्यामुळे चाक वळविण्याची वैमानिकाची सत्ता तेवढ्यापुरती बंद होते. ती नसेल आणि वैमानिकाने चाक वळविले, तर तो जड दांडा एकाएकी झटका घेऊन जवळच्या माणसाचे पाय मोडू शकेल. म्हणूनच ह्या खिळीला लांबून दिसेल अशी तांबडी फीत बांधलेली असते.

आमच्या किनाऱ्यावर रापणीची होडी लोटताना अनेक खांदे लागतात, पण हाळी एकाचीच असते. विमानाचेही तसेच आहे. कानाला हेडसेट लावलेला एक माणूस जमिनीवरून वैमानिकाशी बोलतो. ‘ब्रेक सोडा’ असे त्याने म्हणावे, ‘ब्रेक सोडला’ असे वैमानिकाने उत्तर द्यावे, तेव्हाच ट्रॅक्टर हलतो. पंखांच्या टोकांशी चालणारी माणसे शेजारच्या विमानाला धक्का लागत नाही ना, हे पाहतात. काम संपल्यावर वैमानिक ब्रेक लावतो. मग दांडा सुटतो, खीळ निघते, ट्रॅक्टर दूर होतो. शेवटी तो माणूस बाजूला सुरक्षित जागी उभा राहून ती तांबड्या फितीची खीळ उंच धरून वैमानिकास दाखवितो व मार्ग मोकळा असल्याची खूण करतो. वैमानिकाने त्या खुणेला उत्तर दिले की मगच विमान स्वबळाने पुढे जावे, असा नियम आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण बहुधा ह्याच वेळी इंजिने चालू केली जातात. बोईंग ७३७ जातीच्या विमानाचे इंजिन अगदी मंद चालत असतानाही त्याच्या तोंडापुढे सुमारे ३ मीटरपर्यंत माणूस आत ओढला जाण्याचा धोका असतो, आणि मागे सुमारे ३० मीटरपर्यंत त्याच्या झोताचे भय असते. ही ओढ डोळ्यांना दिसत नाही. कानांवर आवाज अडविणारी टोपणे असल्याने गोंगाट नेमका कोणत्या बाजूचा, हेही कळत नाही.

मुंबईच्या विमानतळावर १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री जे घडले ते ह्या दृष्टीने विसरता येत नाही. हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे एअरबस ए-३१९ विमान मागे ढकलून झाले होते. परंतु जमिनीवरील सर्व माणसे दूर होण्यापूर्वीच ते पुढे निघाले, आणि पुढच्या चाकापाशी काम करणारा एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन जागच्या जागी मरण पावला. विमानात कसलाही बिघाड नव्हता. वाट मोकळी झाली असे धरून चालले गेले. पण ती मोकळी झालेली नव्हती.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथे ३१ डिसेंबर २०२२ रोजी दुसरी दुर्घटना घडली. ते विमान निघत नव्हते, नुकतेच येऊन थांबले होते. तरी धडा तोच आहे. विमानाच्या शेपटीतील वीज पुरविणारे लहान यंत्र बंद असल्यामुळे, बाहेरून वीज जोडली जाईपर्यंत इंजिन चालू ठेवावे लागले. इंजिन पूर्ण थांबून विमानावरचा लुकलुकणारा तांबडा दिवा विझेपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये, अशी सूचना तेथील कामगारांस आधीच दिली होती. तरीही एक कामगार स्त्री इंजिनासमोर गेली व प्राणास मुकली. एका ठिकाणी खुणेची वाट पाहिली गेली नाही, दुसऱ्या ठिकाणी दिवा विझण्याची.

ह्या दोन्ही घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मला वाटले’ आणि ‘मला सांगितले गेले’ ह्यांत फार मोठे अंतर आहे. वैमानिक कितीही निष्णात असला तरी आपल्या नाकाखालचा माणूस त्याला दिसेलच असे नाही. आणि जमिनीवरचा माणूस कितीही दक्ष असला तरी वैमानिकाच्या मनातले त्याला कळत नाही. दोघांमधला पूल म्हणजे उच्चारलेला शब्द व दाखविलेली खूण. घाईच्या वेळी तो पूल ओलांडण्याचे सोडून उडी मारण्याचा मोह होतो, आणि मग जीव जातो.

विद्यार्थ्यांनी विमानप्रवासाचा योग आल्यास खिडकीतून अवश्य खाली पाहावे. उन्हात किंवा पावसात, चकाकणारे जाकीट घालून, हातात तांबड्या फितीची खीळ उंच धरलेला एक माणूस दिसेल. विमान उडाल्यावर त्याची आठवण कोणास राहत नाही. परंतु शेकडो प्रवाशांची वाट मोकळी झाली, हे सर्वांत शेवटी तोच सांगतो. त्याचा हात वर होईपर्यंत थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे; ती त्याच्या जिवाची राखण आहे.