'र' वर्गातील तीन विनाशिका

इतिहासाच्या तासाला एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, राजपूत, रणजित, राणा ही सगळी नावे 'र'नेच कशी?" मी योगायोग म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर चुकले होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने विनाशिका आठ-आठच्या गटांनी बांधल्या आणि एका गटाच्या नावांस बहुधा एकच आद्याक्षर दिले. 'र' गटातील रॉदरहॅम, रिडाउट व रेडर यांचे जलावतरण १९४२ मध्ये झाले. चार मोठ्या तोफा, आठ पाणतीरनळ्या आणि ताशी सुमारे ३६ सागरी मैलांचा वेग, असा त्यांचा थाट. १९४९ मध्ये त्या भारतीय नौदलात अनुक्रमे राजपूत, रणजित व राणा झाल्या. आद्याक्षर मात्र राखले गेले.

डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमबाहेर राजपूतने पाण्याखाली फुटणारे बाँब टाकले. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तेथेच बुडाली. आपले नौदल श्रेय राजपूतला देते. पाकिस्तान अपघाती स्फोट झाल्याचे मानते. वर्गात दोन्ही बाजू सांगाव्यात. मुले गोंधळत नाहीत, उलट अधिक विचारू लागतात, असा माझा अनुभव आहे.

ही राजपूत १९७६ मध्ये मोडीत निघाली. तिचे नाव १९८० मध्ये दुसऱ्या विनाशिकेस मिळाले. तीही २०२१ मध्ये सेवानिवृत्त झाली.