हवाईयन गिटार : तारा कोणत्या स्वरांत लावाव्यात?

मांडीवर आडव्या ठेवलेल्या हवाईयन गिटारीवर पोलादी कांडी सर्व तारांवर एका रेषेत टेकते. साध्या गिटारीप्रमाणे प्रत्येक बोट निरनिराळ्या पडद्यावर ठेवता येत नाही. त्यामुळे मोकळ्या तारांत जो स्वरमेळ असेल, तोच कांडीबरोबर पुढे सरकतो. म्हणून मेळाची निवड वादनाआधीच करावी लागते.

'जी' मेळात जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी असे स्वर असतात. 'जी'ला षड्ज मानल्यास ते प, सा, प, सा, ग, प होतात. 'ए' मेळाची रचना हीच, पण एक पूर्ण स्वर वर. साध्या गिटारीवरून 'जी'साठी तीन तारा उतरवाव्या लागतात, 'ए'साठी तीन चढवाव्या लागतात. म्हणून जुन्या वाद्यास 'जी' बरा. 'सी सिक्स्थ' मेळात सा, ग, प, ध, सा, ग येतात. त्यात सा-ग-प हा मेजर आणि ध-सा-ग हा मायनर, असे दोन्ही मेळ सापडतात.

ध्वनिमुद्रिका ऐकताना अनेक तारा एकदम घसरतात ती जागा पकडावी. केवळ सा-ग-प ऐकू आल्यास पहिला प्रकार, त्यात धैवत मिसळल्यास बहुधा दुसरा समजावा.

ब्रिजभूषण काब्रा यांनी हे वाद्य रागसंगीतात रुजवले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त त्यांची गिटार ऐकावी. रागदारीत कसोटी वेगळी असते. मालकंसात पंचम वर्ज्य आणि गंधार कोमल. म्हणजे 'जी' मेळातील सहापैकी चार तारा रागाबाहेर जातात! तेथे पंचमाच्या तारा मध्यमावर आणाव्यात व गंधार अर्धा स्वर उतरवावा. आधी राग किंवा गीत ठरवावे, मगच खुंटीला हात घालावा.