नववीत संघ जमवू नका

प्रश्न : मी मुंबई उपनगरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमचा क्रिकेट संघ हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद होतो. नववी-दहावीची पंधरा मुलं आणि एकच नेट. संस्था नामांकित प्रशिक्षक आणायचं म्हणते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सर, प्रशिक्षकाचं नंतर पाहू. आधी पाचवी-सहावीच्या वर्गांत जा. हॅरिस शील्ड १६ वर्षांखालच्यांची, जाइल्स शील्ड १४ वर्षांखालच्यांची. नववीत संघ जमवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. जाइल्सचा संघ उभा करा. दोनेक वर्षांत तीच मुलं हॅरिसला उतरतील.

नेटपेक्षा सामने महत्त्वाचे. शिवाजी पार्कवर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर लहानग्या सचिन तेंडुलकरला एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात नेत. सरावात स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. नाबाद राहिला तर नाणं त्याचं. खर्च किती, तर एक रुपया!

सामने मात्र तुल्यबळ शाळांशी ठरवा. २०१६ मध्ये कल्याणला एका शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत सर्वबाद झाला होता. त्या मुलांच्या पदरात काय पडलं?

वेगवान गोलंदाजाला एका दमात पाच-सहा षटकांहून जास्त टाकू देऊ नका. जिंकायच्या नादात मुलांच्या पाठी दुखावतात. स्कोअरबुक लिहायला मुलांनाच बसवा, खेळ वाचायला शिकतील.

आणि संस्थेला सांगा, प्रशिक्षकाच्या मानधनातून यंदा आधी दुसरं नेट आणि नवं मॅटिंग घ्या.