पैसे भरलेत आधीच, मग दवाखान्यासाठी कर्ज कशाला?



गटाच्या कर्ज रजिस्टरात कारणाचा एक रकाना असतो. त्यात 'दवाखाना' हा शब्द किती वेळा आलाय, ते पुढच्या बैठकीत मोजून बघा. त्यातल्या एखाद्या घरचे मालक किंवा सासरे फौजेतून पेन्शनवर आलेले असतील, तर ते कर्ज काढायची कदाचित गरजच नव्हती. म्हणून या महिन्याचा पाठ माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा.

योजना काय आहे?
माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे आपले फौजी भाऊ जिला 'ईसीएचएस' म्हणतात ती. ती 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. पेन्शनर सैनिक, त्याची पत्नी, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील, तसंच कुटुंब पेन्शन घेणारी विधवा, या सगळ्यांना तिचा लाभ मिळतो. मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत; मात्र त्याआधी कमावायला लागले तर लाभ थांबतो. आईवडिलांसाठी उत्पन्नाची अट आहे.

पैसा कुठून येतो?
नावातच 'अंशदायी' आहे. थोडा वाटा सैनिकाचा, बाकी सरकारचा. सैनिकाने आयुष्यात एकदाच रक्कम भरायची. डिसेंबर 2017 च्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत 30,000 रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000 रुपये. युद्धविधवांना आणि 1 जानेवारी 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना ही रक्कम माफ आहे. योजना सुरू झाल्यानंतर जे निवृत्त झाले, त्यांची रक्कम निवृत्तीच्या वेळीच कापून घेतात.

उरलेला खर्च केंद्र सरकार संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून करतं. 2024-25 मध्ये त्यासाठी 6,968 कोटी रुपये ठेवले होते, 2025-26 मध्ये 8,317 कोटी. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही. निम्मं आयुष्य सीमेवर काढलेल्या माणसाचा आणि त्याच्यामागे घर सांभाळलेल्या बाईचा तो हक्क आहे.

उपचार कसे मिळतात?
1. आधी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं. सातारा, कोल्हापूरसारख्या ठिकाणी ती आहेत. तपासणी आणि औषधं तिथे मिळतात.
2. मोठा आजार असेल तर तिथले डॉक्टर यादीतल्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देतात. ही चिठ्ठी असली की तिथे उपचार विनारोकड होतात.
3. छातीत कळ आली, अपघात झाला, तर चिठ्ठीची वाट बघू नका. जवळच्या रुग्णालयात न्या, पण 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. रुग्णालय यादीतलं नसेल तर आधी पैसे भरावे लागतात, आणि नंतर सरकारी दरानेच परत मिळतात. म्हणून प्रत्येक बिल, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

सरकारकडून बिलं उशिरा मिळतात म्हणून काही रुग्णालयं टाळाटाळ करतात, हेही खरं आहे. अशा वेळी घाबरून गटाकडे अर्ज करण्याआधी पॉलिक्लिनिकच्या प्रमुखांना भेटा आणि तक्रार लेखी द्या.

बाईचं कुठे अडतं?
कार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं. मालकांचं कार्ड आहे, पण बाईचं काढलेलंच नाही, असं बऱ्याच घरांत होतं. डिस्चार्ज बुकात 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई', जन्मतारीख तिसरीच! हे मालक हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. मागाहून हेलपाटे एकटीला मारावे लागतात.

मालक गेल्यावर बाईने कुटुंब पेन्शनबरोबरच स्वतःच्या नावाचं मुख्य कार्ड करून घ्यायचं. रक्कम आधी भरलेली असेल तर पुन्हा भरावी लागत नाही. मदतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

कुणाला मिळत नाही?
ही योजना मुख्यतः पेन्शनशी जोडलेली आहे. 2022 पासून अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्या मुलांची नोकरी 4 वर्षांची. त्यानंतर जे कायम होत नाहीत, त्यांना पेन्शनही नाही आणि ईसीएचएसही नाही. मुलगा भरतीची तयारी करत असेल तर त्याला अडवू नका, पण हे माहीत असू द्या. अशा घरांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घेऊन ठेवावी.

बैठकीत करायचं काम
- आपल्या गटात माजी सैनिकाची पत्नी, आई किंवा विधवा कोण कोण आहे? यादी करा.
- त्यातल्या किती जणींकडे स्वतःचं कार्ड आहे?
- आधार, पेन्शनचा कागद आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख जुळवा. वाचता येणाऱ्या ताईने न येणारीला वाचून दाखवा.

यादी ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडे द्या. चार-पाच जणी मिळून एकाच दिवशी तालुक्याला गेलात तर गाडीभाडंही वाटून जाईल आणि साहेबांसमोर बोलायला धीरही येईल.